कार-टीवर पोस्टडॉक करायचंय? आधी विचारा, सेल्स कुठून येणार

माझ्या पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचे, पहिले चार महिने रक्ताची वाट बघण्यात गेले. अगदी शब्दशः. लॅब नावाजलेली, पेपर एकापेक्षा एक, पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, प्रत्येक कॉन्फरन्सला स्टेजवर, आणि मी आपली रोज सकाळी विचारतेय आज सॅम्पल आलं का, कारण माझा प्रोजेक्ट पेशंटच्या टी सेल्सवर (रक्तातल्या प्रतिकारपेशींवर) होता, त्या ज्या हॉस्पिटलकडून यायच्या त्यांच्याबरोबरचा करार मी जॉइन व्हायच्या आधीच संपला होता आणि नवा करार दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवर फिरत होता. इंटरव्ह्यूत हे कुणी सांगितलं नाही. पण खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. मी विचारलं काय, तर तुमच्याकडे सिंगल सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीतले जीन वाचणं) होतं का. हो म्हणाले. होतंच की, फक्त सेल नव्हती.

तेव्हापासून कुणी ज्युनियर आलं की ताई कुठल्या लॅबला अप्लाय करू, तर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, सेल्स कुठून येणार? खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं. विषय निवडताना तोच, लॅब निवडताना तोच, आणि हूडमध्ये (सेल्स हाताळायच्या निर्जंतुक कपाटापुढं) बसलात की मग तर तोच.

ज्यांना फील्ड अगदी नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. पेशंटच्या रक्तातून टी सेल्स काढायच्या, व्हायरस वापरून त्यांच्यात एक बनवलेला रिसेप्टर बसवायचा जो कॅन्सरच्या पेशीवरचं एक ठराविक प्रोटीन ओळखतो, लॅबमध्ये त्या वाढवायच्या आणि परत पेशंटला द्यायच्या. त्या रिसेप्टरला कार म्हणतात म्हणून कार-टी. कल्पना जुनी आहे, इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये झेलिग एशहार यांच्या ग्रुपनं १९८९ मध्येच अँटिबॉडीचा तुकडा टी सेलच्या रिसेप्टरला जोडून दाखवला होता. पण सुरुवातीचे रिसेप्टर सेलला नुसतं चालू करायचे, अंगात टिकवायचे नाहीत, पुढं त्यात सीडी२८ किंवा ४-१बीबी या सेलला टिकवणाऱ्या प्रोटीनचा तुकडा घातला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत ल्युकेमियाचे पहिले पेशंट झाले, २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलला एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी.

एमिलीची गोष्ट नीट वाचून ठेवा. सेल्स दिल्यावर ती आयसीयूत गेली, ताप उतरेना, आणि तिच्या रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रोटीन प्रचंड वाढलेलं दिसलं. पेनसिल्व्हेनियाच्या टीमचे प्रमुख कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात होता म्हणून आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना माहीत होतं, ते दिलं आणि पोरगी सावरली. आज सायटोकाइन स्टॉर्मवर, म्हणजे अशा प्रोटीनच्या उसळीवर, तेच औषध जगभर देतात. ही गोष्ट लोक नशिबाची म्हणून सांगतात, मला मात्र त्यात वेगळंच दिसतं, की पेशंटचं रक्त वेळेवर तपासलं गेलं म्हणून उत्तर सापडलं. उंदरात ते तेव्हा दिसलंच नसतं. नेहमीच्या कार-टी प्रयोगात जे उंदीर वापरतात त्यांच्यात हा त्रास नीट उठतच नाही, तो उठेल असे उंदीर २०१८ मध्ये तयार झाले आणि तेव्हा कळलं की आयएल-६ मुख्यतः कार-टी सेल्स सोडत नाहीत, मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या दुसऱ्या प्रतिकारपेशी सोडतात.

विषय निवडताना

आत्ता प्रत्येकाला सॉलिड ट्यूमरवर, म्हणजे गाठीच्या कॅन्सरवर, काम करायचंय. एसओपी (अर्जासोबतचं निवेदन) वाचा कुणाचीही, पहिलं वाक्य तेच, की रक्ताच्या कॅन्सरमध्ये यश आलं पण सॉलिड ट्यूमरमध्ये नाही. खरंय ते. पण का नाही, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. सीडी१९ ही बी सेल्सवरची खूण, तिच्यावर मारा केला की चांगल्या बी सेल्सही जातात, पण माणूस बी सेल्सशिवाय जगतो, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. फुफ्फुसाशिवाय जगत नाही. २०१० मध्ये छापून आलेली केस आहे, हर-२ या ट्यूमरवरच्या प्रोटीनवरची कार-टी दिलेली एक पेशंट पाच दिवसांत गेली कारण फुफ्फुसातल्या निरोगी पेशींवरही थोडं हर-२ असतं आणि सेल्सनी आधी तिकडेच हल्ला केला. म्हणून सॉलिड ट्यूमरमध्ये प्रश्न नुसता सेल्स ट्यूमरमध्ये घुसतात का एवढाच नाही, कुठल्या खुणेवर सोडायच्या हाच अजून धड सुटलेला नाही.

आणि रक्ताचे कॅन्सर झाले की सगळे, असं समजू नका. रिलॅप्सवर, म्हणजे आजार उलटण्यावर, भरपूर काम बाकी आहे. माझे दोन आवडते पेपर २०१८ चे आहेत आणि दोन्ही एकेका पेशंटवर आहेत. एकात, सेल्स बनवताना रक्तातली एकच ल्युकेमियाची पेशी चुकून आत राहिली, तिच्यातही कार बसला, त्या कारनं तिचं स्वतःचंच सीडी१९ झाकून टाकलं आणि ती कार-टीला दिसेनाशी झाली, पेशंटला पुढं तोच कॅन्सर उलटला. दुसऱ्यात नेमकं उलटं, व्हायरस जाऊन बसला तो टेट-२ नावाच्या जीनमध्ये, त्यामुळं ती एक सेल इतकी फोफावली की ऐन भरात पेशंटच्या सीडी८ (मारेकरी प्रकारच्या) कार-टीपैकी ९४ टक्के सेल्स त्या एकाच सेलच्या पोरीबाळी होत्या, आणि पेशंट बरा झाला. एकाच सेलचे दोन वेगळे खेळ. आणि असे पेपर कुणाला लिहिता येतात, तर ज्यांच्या फ्रीझरमध्ये त्या पेशंटचं आधीचं, मधलं आणि नंतरचं सॅम्पल ठेवलेलं असतं.

म्हणून विषय ठरवताना कागदावर दोन रकाने करा, एकात प्रश्न, दुसऱ्यात त्यासाठी लागणाऱ्या सेल्स. टीआयएलवर (ट्यूमरमध्ये आधीच शिरलेल्या टी सेल्सवर) काम म्हणजे ट्यूमरचा ताजा तुकडा हवा, म्हणजे सर्जनशी ओळख हवी, ऑपरेशन कधी संपेल ते तुमच्या हातात नाही, संध्याकाळी सातला फोन येतो की घेऊन जा. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांचं अख्खं आयुष्य यात गेलं आणि पहिल्या टीआयएल औषधाला मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, यावरून काय ते समजा. एनके (नॅचरल किलर) सेल्स करायच्या तर नाळेचं रक्त, तिथं डोनर कुणीही चालतो हा मोठा फायदा, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या २०२० च्या पेपरमध्ये ११ पैकी ८ पेशंटना गुण आला आणि डोनरच्या सेल्स अंगावर उलटल्या नाहीत. एक्झॉशन, म्हणजे सेल्स थकून का जातात, हे करायचं तर निरोगी डोनरच्या सेल्सवरही दोन वर्षं मजेत काम होतं. आणि आता सगळ्यात बोलबाला आहे तो सेल्स बाहेर काढायच्याच नाहीत, अंगातच कार बसवायचा, या कामाचा. तिथं माझा प्रश्नच बाद होतो असं वाटेल, पण नाही होत, प्रयोगाला मानवी टी सेल्स असलेला उंदीर लागतो आणि तो बनवायला परत कुणाच्या तरी सेल्स लागतातच.

लॅब निवडताना

या फील्डमध्ये ढोबळमानानं तीन जातीच्या लॅब असतात. एक हॉस्पिटलला चिकटलेल्या, जिथं ट्रायल चालते, पेशंटचे सॅम्पल येतात पण तुमच्या प्रयोगाचा नंबर ट्रायलच्या कामानंतर लागतो. दुसऱ्या इंजिनीअरिंगवाल्या, रोज नवीन रिसेप्टर, सर्किट, स्विच, मजा असते, पण सगळं एकाच सेल लाइनवर (लॅबमध्ये कायम वाढणाऱ्या पेशींवर) चालण्याचा धोका. तिसऱ्या शुद्ध इम्युनॉलॉजीच्या, उंदराच्या टी सेल्सवर खोल काम, कॅन्सर नावाला. वाईट कुठलीच नाही, फक्त तुम्हाला पुढं काय व्हायचंय त्यावर बघा. इंडस्ट्रीत जायचं असेल तर पहिली, स्वतःची लॅब काढायची असेल तर माझ्या मते तिसरी, कारण पाच वर्षांनी रिसेप्टर शिळा होतो, टी सेलचं बायॉलॉजी होत नाही.

परदेशातच जावं लागतं ही समजूत मात्र आता सोडा. नेक्सकार१९ या भारतातल्या पहिल्या मंजूर कार-टीचा रिसेप्टर पवईला आयआयटी बॉम्बेत राहुल पुरवार यांच्या लॅबमध्ये बनला, पेशंटना दिला टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, २०२१ पासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएससीओनं, म्हणजे आपल्या औषध नियामक संस्थेनं, मंजुरी दिली. ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आले, साधारण ७३ टक्के पेशंटना गुण. सुरुवातीची किंमत चाळीस लाखांच्या आसपास, आपल्या माणसाला तीही न परवडणारीच, पण अमेरिकेत २०१७ ला पहिलं औषध आलं त्याची किंमत होती ४,७५,००० डॉलर. हे स्वस्त कसं केलं, व्हायरस घरी कसा बनवला, सेल्स कमी खर्चात कशा वाढवल्या, हे शिकायला बोस्टनला जाऊन उपयोग नाही. तिथं तो प्रश्न कुणाला पडलेलाच नसतो.

बाकी पेन, सिएटलचं फ्रेड हच, ह्यूस्टनचं बेलर, स्टॅनफर्ड, लंडनचं यूसीएल, मेलबर्नचं पीटर मॅक ही नावं तुम्हाला माहीत असतीलच, त्यावर वेळ घालवत नाही.

मेल लिहिताना रिस्पेक्टेड सर आणि ग्रीटिंग्ज ऑफ द डे काढून टाका. दहा ओळी पुरे. पीएचडीत काय केलं हे दोन ओळींत, हातानं काय येतं हे एका ओळीत (फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे सेल्सवरच्या खुणा रंगांनी मोजायचं, पॅनल स्वतः बसवलंय, जीन बसवणारा लेंटिव्हायरस स्वतः बनवलाय, उंदराच्या शेपटीत इंजेक्शन देता येतं, जे खरं असेल ते), आणि मग त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या एखाद्या पेपरवर एक खराखुरा प्रश्न. कौतुक नको, प्रश्न. मला इंटरव्ह्यू मिळाला तो एका सप्लिमेंटरी फिगरमधल्या तिसऱ्या डोनरचा डेटा बाकी दोघांपेक्षा उलटा का आहे हे विचारलं म्हणून. उत्तर आलं वीस मिनिटांत, तेही त्यांच्या रात्री अकराला.

इंटरव्ह्यूत मग हे विचारा, आणि पीआयला वेगळं, लॅबमधल्या पोरांना वेगळं. निरोगी डोनरचं रक्त कुठून येतं, महिन्याला किती, ल्युकोपॅक (पांढऱ्या पेशींची तयार पिशवी) विकत घेता की ब्लड बँकेकडून बफी कोट (रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर) मिळतात? पेशंटचे सॅम्पल असतील तर एथिक्सची परवानगी आजच्या तारखेला चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे? माझा प्रोजेक्ट त्याच सॅम्पलवर आधीच काम करणाऱ्या कुणाच्या पायात पाय घालणार नाही ना? उंदरांचा प्रोटोकॉल मंजूर आहे की मी आल्यावर लिहायचाय, कारण त्यात सहज काही महिने जातात. आणि एक जरा अवघड प्रश्न, पीआयची कंपनी आहे का? या फील्डमध्ये बऱ्याच जणांची असते, त्यात गैर काही नाही, पण मग तुमचा चांगला निकाल आधी पेटंटच्या ऑफिसात जातो आणि पेपर वर्षभर थांबतो, पोस्टरवर सिक्वेन्स झाकावा लागतो, आणि तोच प्रोजेक्ट घेऊन तुम्ही बाहेर पडू शकत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. पोरांना विचारताना कॅमेऱ्यावर नाही, जेवायला गेल्यावर विचारा. मागच्या पाच वर्षांत इथून गेलेले लोक आता कुठं आहेत हा एक प्रश्न बाकीच्या दहा प्रश्नांचं काम करतो.

पैसे आणि कागद

हे थोडक्यात. भारतात राहणार असाल तर एएनआरएफची (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप बघा, आधी एसईआरबी द्यायचं ती, दोन वर्षांची, वयाची मर्यादा ३५, तेव्हा पीएचडी लांबली असेल तर आधी हे तपासा. डीबीटी आणि सीएसआयआरच्या रिसर्च असोसिएटशिप आहेत, इंडिया अलायन्सची अर्ली करियर आहे, ती अवघड पण नाव आणि पैसा दोन्ही चांगलं. युरोपला जाणार असाल तर एम्बोच्या फेलोशिपला पीएचडीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपची तारीख साधारण सप्टेंबरमध्ये असते, तिथं अट अशी की त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी जाऊन बसू, मग अर्ज करू, असं केलंत तर हातचं जातं. माझ्या बॅचमधल्या एकाचं गेलं.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची एनआरएसए फेलोशिप आपल्याला मिळत नाही, ती सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांना. त्यांचीच के९९ ग्रँट मिळू शकते, पण पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच, म्हणून पहिल्याच वर्षी कॅलेंडरवर लिहून ठेवा. पगाराला बरेच जण एनआयएचचं स्केल धरतात, २०२४ चं पहिल्या वर्षाचं ६१,००८ डॉलर होतं, रुपयात गुणून घरी सांगू नका, बोस्टनचं भाडं गेल्यावर काय उरतं ते सांगा. जे-१ व्हिसावर रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं आणि मध्येच संपवून परत आलात तर त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. फुलब्राइटसारखा सरकारी पैसा घेतला तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, ते व्हिसावर लिहिलेलं असतं, तो कागद नीट वाचा.

बेंचवर

आता खरं काम. पहिल्या दोन महिन्यांत नवीन कार डिझाइन करायला बसू नका, कितीही खाज आली तरी. आधी सगळ्यांना माहीत असलेला सीडी१९ कार घ्या, टार्गेट म्हणून सीडी१९ असलेली एनएएलएम-६ आणि सीडी१९ नसलेली के५६२ या सेल लाइन, आणि लॅबच्या जुन्या फिगरसारखी फिगर तुमच्या हातानं येते का बघा. आली की मग तुमचं चुकलं आणि कल्पनेचं चुकलं यातला फरक तुम्हाला कळायला लागेल.

टी सेल कल्चर हे दही लावण्यासारखं आहे, माझ्या आजीला मी असंच समजावलं होतं आणि तिला माझ्या कमिटीपेक्षा लवकर कळलं. विरजण किती, ऊब किती, आणि सारखं हलवायचं नाही. सीडी३-सीडी२८ चे बीड्स घालून सेल्स जाग्या करायच्या, दुसऱ्या दिवशी व्हायरस द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सेल्स फुगून गठ्ठे करतात, बघून नवशिका घाबरतो की कंटॅमिनेशन झालं, नाही, तेच हवंय. चौथ्या दिवसापासून रोज मोजा, दर मिलीला पाच ते दहा लाख सेल्स ठेवा, आणि मीडियाचा लाल रंग पिवळट व्हायच्या आत नवा मीडिया द्या. आयएल-२ वर वाढवायच्या की आयएल-७ आणि आयएल-१५ वर (ही सगळी सेल्स वाढवणारी प्रोटीन्स), हा लॅबालॅबांतला धर्मभेद आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका, लॅबमध्ये जे चालतं ते करा पण प्रोजेक्टच्या मध्ये बदलू नका. मी कल्चर गुरुवारी चालू करते. शुक्रवारी व्हायरस, शनिवार-रविवार सेल्सना आणि मला दोघींना निवांत, सोमवारपासून मोजणी, पुढच्या गुरुवारी फ्लो आणि शुक्रवारी किलिंग ॲसे (सेल्स किती टार्गेट मारतात ते मोजायचा प्रयोग) लावायचा. सोमवारी चालू केलंत तर ऐन वाढीचे दिवस वीकेंडला येतात आणि मग रविवारी सकाळी पोहे टाकून लॅबला पळा. गणपतीत घरी यायचं असेल तर तारीख बघून दहा दिवस मागे मोजा आणि त्याच्या आत फ्रीझ करून टाका, सेल्स कुणाच्या भरवशावर ठेवून जाऊ नका, सख्ख्या लॅबमेटच्याही नाही.

डोनर. किमान तीन, आणि प्रत्येक प्रयोगात त्याच डोनरच्या कार नसलेल्या सेल्स, तशाच जाग्या केलेल्या, तशाच वाढवलेल्या, कंट्रोल म्हणून. हे सांगायची गरज नसावी पण प्रीप्रिंट वाचा, आहे. माणसामाणसात इतका फरक असतो की एकाच्या सेल्स दहा दिवसांत पन्नासपट होतात आणि दुसऱ्याच्या ढिम्म हलत नाहीत, आणि मग लॅबमध्ये एक लाडका डोनर तयार होतो, आमच्याकडे ११ नंबरचा होता, सगळ्यांच्या सुंदर फिगर त्याच्याच. रिव्ह्यूअरनं आणखी डोनर मागितले तेव्हा तोंडचं पाणी पळालं. म्हणून कल्पना नवीन असेल तेव्हा मुद्दाम वाईट डोनरवर पण करून बघा. आणि काहीही झालं, कितीही नड असली तरी स्वतःचं रक्त स्वतःच्या प्रयोगात वापरायचं नाही. जीन बदललेल्या सेलची सुई चुकून टोचली तर परक्या सेल्स शरीर मारून टाकतं, स्वतःच्या ओळखीच्या म्हणून सोडून देऊ शकतं. बऱ्याच संस्थांत याला बंदीच आहे.

किती सेल्समध्ये कार बसला हे फ्लोवर बघताना एक खड्डा आहे ज्यात मी पडलेय. प्रोटीन-एल स्वस्त आणि सोपं, पण ते अँटिबॉडीच्या कॅपा चेनला चिकटतं, म्हणजे तुमच्या पॅनलमधल्या बाकीच्या अँटिबॉडींनाही चिकटतं आणि ९० टक्के सेल्स कार-पॉझिटिव्ह दिसतात. आधी प्रोटीन-एल, मग धुवा, परत धुवा, मग बाकीचं पॅनल. ९० टक्के आकडा बघून मी संध्याकाळी लॅबला पेढे वाटले होते. असो. बाकी मेलेल्या सेल्सचा डाय, प्रत्येक रंगाचा सिंगल स्टेन आणि एफएमओ (एक रंग वगळून केलेला कंट्रोल), यात आळस केलात तर त्या दिवसाचा फ्लो फुकट गेला समजा. व्हायरस जास्त ओतून टक्केवारी वाढवायचा मोह होतो, पण एका सेलमध्ये कारच्या जीनच्या चार-चार कॉपी बसल्या की त्या सेल्स वेगळ्याच वागतात, आणि क्लिनिकला जायचं असेल तर दर सेलला पाचपेक्षा कमी कॉपी लागतात. नोव्हेंबर २०२३ पासून अमेरिकेची औषध नियामक एफडीए कार-टीनंतर होणाऱ्या टी सेल कॅन्सरच्या मागे लागलंय, जानेवारी २०२४ मध्ये औषधांवर तशी ठळक वॉर्निंग टाकायला लावली, तेव्हा व्हायरस कुठं बसतो हा आता नुसता अकॅडमिक प्रश्न नाही.

किलिंग ॲसे लावताना प्रमाण एकूण टी सेल्सवर नाही, कार-पॉझिटिव्ह सेल्सवर काढा. आणि एका रात्रीच्या ॲसेवर भाळू नका, पहिल्या फेरीत सगळेच कार चांगले दिसतात. त्याच सेल्सना दर दोन-तीन दिवसांनी नवं टार्गेट द्या, चौथ्या-पाचव्या फेरीला कोण उभं आहे ते बघा, तिथं खरा फरक कळतो. उंदरावर न्यायचा कार मी यावरूनच निवडते. उंदीर एनएसजी, त्यांना स्वतःची टी, बी, एनके काही नसतं म्हणून माणसाच्या सेल्स टिकतात, पण काही आठवड्यांनी त्याच टी सेल्स उंदरावर उलटतात, केस विस्कटतात, वजन उतरतं, तेव्हा लांबच्या फॉलोअपमध्ये ट्यूमरनं गेला की यानं गेला हे लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये गुपचूप वाढणारे जिवाणू, दर महिन्याला तपासा. टार्गेट सेल लाइन्सचासुद्धा, खरं तर त्यांचाच. माझा तीन महिन्यांचा डेटा दुसऱ्या ग्रुपकडून मैत्रीखात्यात आणलेल्या एका फ्लास्कमुळं गेला. आणलेली प्रत्येक सेल लाइन आधी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, रिपोर्ट येईपर्यंत, देणारा कितीही जवळचा असो.

घरून येणारे फोन

हे कुठल्याच गाईडमध्ये नसतं. तुम्ही कॅन्सरवर काम करता हे गावात कळलं की व्हॉट्सॲपवर रिपोर्ट यायला लागतात. मावशीच्या जावेचा, बाबांच्या बँकेतल्या साहेबांचा, कुणाकुणाचा. पीईटी स्कॅनचे फोटो, रात्री एकला. पहिल्यांदा मला काही सुचलं नव्हतं, मी पेपर शोधत बसले आणि भलतीच आशा लावली, त्याचं अजून वाईट वाटतं.

आता मी असं करते. आधी फोन करते, टाइप करत नाही. मी डॉक्टर नाही, उंदरांवर आणि बाटलीतल्या सेल्सवर काम करते, हे पहिल्याच वाक्यात सांगते. मग एवढंच, की आपल्याकडची नेक्सकार१९ ही बी सेलच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियाला आहे, तेही आधीचे उपचार करून आजार उलटलेल्या, पंधरा वर्षांवरच्यांना. स्तनाच्या, पोटाच्या, तोंडाच्या कॅन्सरला आपल्याकडे आज ही ट्रीटमेंट मंजूर नाही, आणि कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर उठून यायचं. रक्ताचा कॅन्सर असेल तर हिमॅटॉलॉजिस्टना थेट विचारा की आमच्या पेशंटला कार-टी बसते का, हा प्रश्न विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. बाकी चालू असलेली केमो सोडू नका. बस. त्यापुढं मी फक्त ऐकते, बहुतेक वेळा त्यांना तेच हवं असतं.

निघताना

पोस्टडॉक संपायच्या तीन महिने आधी पीआयबरोबर बसून लेखी ठरवा की तुम्ही कुठला प्रश्न, कुठले प्लाझ्मिड घेऊन जाणार आणि काय इथंच राहणार. प्लाझ्मिड नेणं सोपं, मटेरियल ट्रान्सफरचा कागद झाला की झालं. पेशंटच्या सेल्स मात्र तुमच्याबरोबर येत नाहीत, त्यांची संमती त्या संस्थेपुरती असते. भारतात परत यायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षांची आहे, तिचा अर्ज लिहितानाच इथं रक्त कुठल्या ब्लड बँकेकडून मिळणार याचं पत्र त्या संस्थेकडून घेऊन ठेवा.

आणि फ्रीझर आवरून जा. प्रत्येक व्हायलवर डोनर नंबर, कुठला कार, कितवा दिवस, किती सेल्स, तारीख, अल्कोहोलनं पुसलं न जाणाऱ्या पेनानं, आणि बॉक्समधली जागा शीटवर. माझ्या आधी त्या बेंचवर जो होता त्यानं जाताना एक बॉक्स ठेवला होता, नऊ बाय नऊचा, ८१ व्हायल्स, आणि झाकणावर फक्त लिहिलेलं, चांगल्यावाल्या. कुणाच्या, कधीच्या, कशासाठी चांगल्या, आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, टाकायची हिंमतही कुणी केली नाही. बॉक्स अजून नायट्रोजनमध्ये आहे.